मदत हवी आहे: बेटरनर रीळ चार महिन्यांत उलटं फिरायला लागलं, दुकान वॉरंटी नाकारतंय

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. गळाने मासे धरणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारतोय. सगळं सविस्तर लिहितो, नाहीतर आधी बिलाचं विचाराल, मग तेलाचं, आणि माहिती तुकड्यातुकड्यांनी येत राहील.

मी उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, रोहू आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी बसतो. तिथे चिलापी एवढी झालीय की कणीक लावली की तीच लागते. त्यामुळे दोन वर्षांपासून मी मक्याचे दाणे केसाच्या रिगवर (दाणा गळात न टोचता गळाला बांधलेल्या बारीक दोऱ्यावर) लावून, शेंगपेंडेचा चारा टाकून तळाला बसतो. या पद्धतीत बेटरनर रीळ लागतंच. सायप्रिनस दाणा चोखून उचलतो, शिशाचं वजन जाणवलं की एकदम पळत सुटतो. स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, घट्ट असेल तर काठी स्टँडसकट पाण्यात जाते. माझ्या मेव्हण्याची अशी गेलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. बेटरनरला मागचा खटका वर केला की स्पूल हलकं सुटतं, मासा हवी तेवढी तंगूस (नायलॉनचा दोरा) घेऊन जातो, आणि हँडल फिरवलं की खटका आपोआप पडून पुढचा ड्रॅग, म्हणजे स्पूलचा ब्रेक, लागतो.

तर असं एक रीळ मी ऑक्टोबर 2024 मध्ये दिवाळीच्या आधी परराज्यातल्या एका ऑनलाइन दुकानातून घेतलं. किंमत 9,450 रुपये. बिलावर जीएसटी क्रमांक आहे, आणि "12 महिने वॉरंटी" असं दुकानाच्या पानावरही होतं, बिलावरही आहे. जानेवारीअखेरपर्यंत फार तर चौदा-पंधरा वेळा वापरलं असेल.

फेब्रुवारीत एका पहाटे, थंडी होती, स्पूल करकरत सुटलं. काठी उचलली, हँडल फिरवलं, खटका पडला, काठी वाकली. चांगला मासा होता, आठ-नऊ किलोचा तरी. तीन-चार वेळा गुंडाळलं असेल-नसेल, हँडल एकाएकी उलटं फिरलं आणि बोटांच्या पेरांवर बसलं. तंगूस ढिली पडली आणि मासा सुटला. नंतर रिकामं फिरवून पाहिलं तर दहापैकी तीन-चार वेळा हँडल मागे सटकतं. उलटं फिरू नये म्हणून आत जे काही असतं ते धरतच नाही. सकाळी जास्त होतं, दुपारी ऊन लागल्यावर कमी.

मासा गेला त्याचं दुःख नाही, तो आपल्याला सापडला तरी मी सोडणारच होतो. पण त्यानंतरचे सहा आठवडे ज्या पद्धतीने गेलेत, त्याने जीव मेटाकुटीला आलाय.

दुकानाने आधी फोटो मागवले. पाठवले. मग म्हणाले, वॉरंटी कंपनीची असते, तुम्ही कंपनीच्या भारतातल्या वितरकाशी बोला. वितरकाने रिळाच्या पायावरचा क्रमांक विचारला आणि दोन दिवसांनी कळवलं की हा क्रमांक आमच्या यादीत नाही, हा माल आम्ही आणलेला नाही. परदेशातल्या मूळ कंपनीला मेल केली. त्यांचं उत्तर आलं, सभ्य होतं, पण अर्थ एकच: तुमच्या देशातल्या वितरकाला भेटा. पुन्हा दुकानाला फोन केला तर त्यांनी नवीनच काढलं. म्हणे फोटोत गंज दिसतोय, तुम्ही रीळ खाऱ्या पाण्यात वापरलंय, वॉरंटी रद्द. उजनीत खारं पाणी कुठून येणार? हे रीळ एकदाही समुद्रावर गेलेलं नाही. मी खोटं बोलतोय असं कुणीतरी वीस मिनिटांत ठरवून टाकतं, ते मला फार लागलं.

माझे प्रश्न असे. जबाबदार नक्की कोण, दुकान की वितरक की कंपनी? दुसरं, ओळखीतला एक जण म्हणतो की रीळ उघड, दहा मिनिटांचं काम आहे. उघडू का? आणि साडेनऊ हजारांसाठी ग्राहक मंचात जाणं जमण्यासारखं आहे का, दुकान दुसऱ्या राज्यात असताना?

तंगूस

भाऊ, रीळ अजिबात उघडू नका. तुमचा मित्र म्हणतो ते खरं आहे, बिघाड बहुतेक छोटाच आहे, तरीही उघडू नका.

आत वन-वे बेअरिंग असतं. त्यात बारीक रोलर आणि बारीक स्प्रिंगा असतात. पुढे फिरवताना रोलर मोकळे राहतात, मागे जायला लागलं की उतारावर चढून अडकतात. हे बेअरिंग जवळजवळ कोरडं ठेवायचं असतं. जाड ग्रीस आत शिरलं की रोलर चिकटतात आणि वेळेवर अडकत नाहीत. थंडीत ग्रीस घट्ट होतं, म्हणून सकाळी जास्त आणि दुपारी कमी. तुम्ही लिहिलेलं लक्षण तंतोतंत तेच आहे. मी वीस वर्षं रिळं दुरुस्त करतोय, जोडतानाच ग्रीस जास्त गेलेली नवी रिळं पाहिली आहेत. धुऊन, सुकवून बसवलं की चालतं.

पण तुम्ही स्क्रू फिरवला की त्याच्या खाचेवर ओरखडा येतो, आणि मग दुकान म्हणेल की तुम्हीच बिघडवलं. आत्ता तुमची बाजू कोरी आहे, ती तशीच राहू द्या. एक विचारतो, तुम्ही तेल कुठे घातलं होतं का?

खाडीकाठ

मी रत्नागिरीचा, आमची रिळं खाऱ्या पाण्यातच मरतात, म्हणून सांगतो. खारं पाणी लागलेलं रीळ लपत नाही. ॲल्युमिनियमवर रंग फुगतो आणि खाली पांढरी भुकटी निघते. बेल आर्मचा, म्हणजे तंगूस स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या कमानीचा, स्क्रू तांबूस होतो. लाइन रोलर, म्हणजे तंगूस जिच्यावरून वळते ती छोटी चाकी, ती आधी जाम होते. तुमची चाकी बोटाने फिरते का बघा. फिरत असेल आणि पांढरं काही नसेल, तर दिवसाउजेडी जवळून फोटो काढून ठेवा. आणि दुकानाला लेखी विचारा की कोणत्या फोटोत, कोणत्या भागावर गंज दिसला.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये असतो, इथे कार्पसाठी बसणारे लोक तंबू ठोकून दोन-दोन रात्री तळ्यावर काढतात, त्यामुळे रिळं आणि मासा लागला की वाजणारे अलार्म बिघडण्याच्या कहाण्या रोजच्या. इथला 2015 चा ग्राहक हक्क कायदा सरळ म्हणतो की माल सदोष निघाला तर जबाबदारी विकणाऱ्याची. पहिल्या 30 दिवसांत परत करून पैसे मागता येतात. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरतात, नव्हता हे दुकानाने दाखवायचं. भारतात हा कायदा लागू नाही हे माहीत आहे, पण इथे एक सवय लागली ती सांगतो: कंपनीच्या मागे धावायचं नाही, ज्याला पैसे दिले त्यालाच धरायचं.

अजून एक. इथून रीळ मागवायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. बिघडलं की परत पाठवायचा खर्च, पुन्हा येताना कस्टम्सची कटकट, हे सगळं स्वस्ताईला खाऊन टाकतं.

माणदेशी

दादा, टेम्सकाठ यांनी सांगितलं तेच आपल्याकडेही बरंचसं खरं आहे. मी एका पंपासाठी तक्रार लढलोय, त्या अनुभवावरून सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, जुलै 2020 पासून लागू. त्याच्या कलम 34 प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक मंचात) तक्रार करता येते. दुकान परराज्यात असलं म्हणून तुम्ही तिकडे जायचं नाही. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क शून्य. मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. ई-जागृतीवर, म्हणजे आधीच्या ई-दाखिलच्या जागी आता जे आहे त्यावर, घरबसल्या दाखल होते.

पण लगेच तिथे उडी मारू नका. आधी दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. जोडीला 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा. फोनवर आता काहीच बोलू नका, सगळं मेलवर.

आणि मुख्य गोष्ट, खोका आहे का? आयात मालाच्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक असतं. वितरक म्हणतो आम्ही आणला नाही, तर मग आणला कुणी?

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तंगूस दादा, तेल फक्त हँडलच्या मुठीला आणि लाइन रोलरला एकेक थेंब, माहितीपत्रकात दाखवलंय तेवढंच. खाडीकाठ, चाकी लोण्यासारखी फिरते, पांढरं काही नाही.

आता खोक्याचं. मला वाटलं होतं तो रद्दीत गेला. काल बायकोला विचारलं तर तिने शिवणकामाची रिळं ठेवायला घेतला होता. दोरे बाजूला काढून उलटा केला तर तळाला पांढरी पट्टी. त्यावर आयातदार म्हणून जे नाव आहे ते आणि माझ्या बिलावरचं नाव एकच आहे. पत्ताही तोच. म्हणजे माल या दुकानानेच थेट बाहेरून आणला, आणि दीड महिना मला ज्या वितरकाकडे पाठवत राहिले त्याचा याच्याशी संबंधच नव्हता. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मी तो खोका हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो.

माणदेशी

मग तर विषयच सोपा झाला. विकणारा तोच, आणणारा तोच. पट्टीचा फोटो, बिल, वॉरंटीचं पान, वितरकाची मेल, हे सगळं एकाच मेलला जोडा. मेल लहान ठेवा. राग लिहू नका, तारखा लिहा. शेवटी काय हवं ते एका ओळीत: बदली रीळ किंवा पूर्ण पैसे, आणि कधीपर्यंत.

तंगूस

व्हिडिओही काढा. रिळाच्या पायावरचा क्रमांक दाखवून सुरुवात करा आणि मध्ये न थांबवता सलग घ्या. एका हाताने रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरणारा भाग, धरा, दुसऱ्याने हँडल मागे दाबा, वीस वेळा, किती वेळा सटकलं ते तोंडाने मोजत जा. सकाळच्या थंड वेळी काढा. शेवटी स्क्रू जवळून दाखवा, एकही फिरवलेला नाही हे दिसलं पाहिजे.

भीमाकाठ

बारा दिवसांनी लिहितोय. माणदेशी दादांनी सांगितलं तशी मेल केली, 1915 वर नोंद केली. व्हिडिओत वीसपैकी सात वेळा सटकलं. पोच दुसऱ्या दिवशी आली. खाऱ्या पाण्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाला अजूनही उत्तर नाही. पण आठव्या दिवशी फोन आला, वेगळा माणूस होता, नीट बोलला. रीळ पाठवा, तपासून बदलून देऊ म्हणाला. मी फोनवर हो म्हटलं नाही, हेच मेलवर लिहून द्या म्हटलं. लिहून आलं, पण "तपासणीत वापराचा दोष आढळल्यास परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा" अशी ओळ घालून.

ती ओळ मला खटकतेय. रीळ एकदा त्यांच्या हातात गेलं की आत काय होतं ते तेच सांगणार. मेलला उत्तर देताना ही अट मान्य नाही असं लिहावं का, की तपासताना उघडण्याचा व्हिडिओ मागावा? तंगूस दादा, उघडल्यावर कोणत्या भागाचा फोटो मागितला म्हणजे ग्रीस आधीपासून होतं की बाहेरून तेल गेलं ते कळेल? रीळ अजून घरीच आहे, त्याच खोक्यात, परवापर्यंत पाठवायचंय.

तंगूस

व्हिडिओ मागा, नक्की मागा. रोटर काढल्यावर वन-वे बेअरिंगचं झाकण उघडताना आणि रोलर जागेवर असतानाचा फोटो. कारखान्याचं ग्रीस जाड आणि एका रंगाचं असतं, खालच्या मुख्य गिअरवर जे असतं तेच. बाहेरून गेलेलं तेल पातळ असतं आणि माती ओढतं, काळपट दिसतं. दोन्ही ठिकाणचे फोटो शेजारी ठेवले की कुणालाही कळेल. हे असंच्या असं मेलमध्ये लिहा, आणि पाठवताना तंगूस काढून स्पूल रिकामं करून पाठवा.