सस्कॅचेवान अमेरिकेत असतं तर
कॅनडाचा सस्कॅचेवान प्रांत अमेरिकेत गेला तर तो सीमेपलीकडच्या नॉर्थ डकोटा राज्याचंच थोरलं भावंड ठरेल, असं काहीजण म्हणतात. नकाशापुरतं पटतं. ४९ व्या अक्षांशाच्या दोन्ही बाजूंना तोच गहू, तीच थंडी, तीच धान्याची कोठारं. क्षेत्रफळ साडेसहा लाख चौ. किमी, म्हणजे अलास्का आणि टेक्सासनंतर थेट तिसरा नंबर. लोकवस्ती मात्र जेमतेम बारा लाख, त्यामुळे दोन सिनेटर आणि राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत मोंटाना राज्यासारखी चार इलेक्टोरल मतं.

पण खरी गोची दवाखान्यात होईल. सरकारी खर्चाने सर्वांना उपचार ही कल्पना कॅनडात इथूनच सुरू झाली. प्रांताचे मुख्यमंत्री राहिलेल्या टॉमी डग्लस यांनी पाया घातला आणि १ जुलै १९६२ ला योजना लागू झाली. त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, ते २३ दिवस! ज्यांनी एवढं सोसून ती टिकवली, ती माणसं खासगी विम्याचे हप्ते मुकाट्याने भरतील? मला नाही वाटत.

आदिवासींशी झालेले करार तर ब्रिटिश राजसत्तेच्या नावाने आहेत. ते वॉशिंग्टनच्या गळ्यात कसे बांधणार, याचा विचार असं म्हणणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

आणि पोटॅश हे खत! अमेरिकन शेतकरी ते आजही मुख्यतः इथूनच घेतो. त्याला ते घरचं होईल. आपल्याला मात्र मसूर वॉशिंग्टनशी घासाघीस करून घ्यावी लागेल. किराणा दुकानातल्या त्या केशरी डाळीतली बरीचशी याच प्रांतातून येते, बरं का.