आत राहून हानी कमी करणं: गेर्स्टाइनने नेमकं काय साधलं?

प्रश्न (पानगळ): जर्मन कुर्त गेर्स्टाइन श्रद्धाळू ख्रिस्ती, तरी १९४१मध्ये एसएसमध्ये (नाझींच्या सशस्त्र संघटनेत) शिरला. उपयोग झाला का?

कागदपत्री: साक्षीदार म्हणून झाला. ऑगस्ट १९४२मध्ये त्याने पोलंडमधल्या बेल्झेक या नाझी छावणीतली वायूने होणारी हत्या पाहिली. परतीच्या वॉर्सा-बर्लिन गाडीत स्वीडिश राजनैतिक अधिकारी गोरान फॉन ऑटर यांना सगळं सांगितलं. स्वीडनने ते दडपून ठेवलं. झायक्लॉन-बी या विषारी वायूचा काही साठा आपण नष्ट केला, असं तो १९४५च्या अहवालात म्हणतो. पण पुरवठ्याची बिलं त्याच्याच नावावर होती. १९५०मध्ये ट्युबिंगेनच्या, नाझींशी संबंध तपासणाऱ्या न्यायमंडळाने त्याला दोषमुक्त केलं नाही, तो निर्णय १९६५मध्ये फिरला. श्रद्धा खरी असेलही, माल पोचतच राहिला.

मधलीवाट: ज्यू निर्वासितांना व्हिसा देणारे जपानी वाणिज्यदूत सुगिहारा यांच्याशी तुलना करा. १९४०, लिथुआनियातलं कौनास. जपानी ट्रान्झिट व्हिसासाठी पुढच्या देशाची परवानगी लागायची. डच प्रतिनिधी झ्वार्टेंडाइक ‘कुरासाओला (कॅरिबियनमधल्या डच वसाहतीला) व्हिसा लागत नाही’ असं लिहून द्यायचे आणि गव्हर्नरची संमती लागते हे वाक्य गाळायचे. त्यावर सुगिहारा हाताने व्हिसा लिहीत. यादीत २,१००हून जास्त नोंदी आहेत. टोकियोचा नकार असूनही!

पानगळ: म्हणजे फरक जागेचा? सुगिहारांचा शिक्काच सुटकेचा होता.

कागदपत्री: बराचसा. गेर्स्टाइनकडे फक्त विलंब होता, आणि एक डबा वाया गेला की दुसरा मागवला जायचा.