प्रायमरीच्या काळात पुरोगामी गटात फूट पडू नये म्हणून नेमकं काय करावं?

एडिसनकर

न्यू जर्सीतला आमचा पुरोगामी गट, १४० सदस्य, त्यातले दहा-बारा मराठी. घरभाडं, आरोग्यविमा आणि शाळांचा निधी हे आमचे मुद्दे. येत्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) अमेरिकी संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसच्या, जागेसाठी पक्षयंत्रणेच्या उमेदवाराविरुद्ध पुरोगामी बाजूचे दोघं उभे आहेत आणि दोघांचेही समर्थक आमच्यात आहेत. कार्यकारिणीतल्या सातांपैकी तिघं एका उमेदवाराचं काम उघडपणे करतात. व्हॉट्सॲपवर 'विकाऊ', 'भाबडे' वगैरे सुरू झालंय.

तीन प्रश्न. गटाने पाठिंबा जाहीर करावा की नाही, आणि केला तर कसा? व्हॉट्सॲप कसं सांभाळायचं? आणि निकालानंतर हरलेली बाजू नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत कामाला कशी टिकवायची? 'सगळ्यांनी सौजन्याने वागा' हे आवाहन दोनदा करून झालंय. उपयोग शून्य.

---

नियमबुवा

आवाहनाने कुणी गप्प बसत नाही. भांडण बहुतेक वेळा उमेदवारावरून पेटतं, पण धुमसत राहतं ते 'आमच्यावर अन्याय झाला' या भावनेवर. म्हणून आधी मतदानाची पद्धत ठरवा, आणि कोण पुढे आहे हे कळायच्या आत ठरवा.

सर्वात बोलकं उदाहरण वर्किंग फॅमिलीज पार्टी या छोट्या पुरोगामी पक्षाचं. अध्यक्षपदाच्या २०२० च्या प्रायमरीसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनी बर्नी सँडर्स यांच्याऐवजी एलिझाबेथ वॉरन यांना पाठिंबा दिला. आकडे जाहीर झाले ते असे : वॉरन सुमारे ६१ टक्के, सँडर्स सुमारे ३६. पण या मोजणीत निम्मं वजन राष्ट्रीय समितीच्या मतांना होतं आणि निम्मं सदस्य-समर्थकांच्या मतांना. दोन्हींचे वेगवेगळे आकडे दिलेच नाहीत. २०१५ मध्ये सँडर्सना पाठिंबा देताना मात्र सदस्यांचा आकडा सांगितला होता. झालं, 'सदस्यांचा कौल समितीने फिरवला' असा संशय पसरला आणि संघटनेच्या कृष्णवर्णीय नेत्यांना वर्णद्वेषी शिवीगाळ आणि धमक्या आल्या. त्या शिवीगाळीला कुठलीही सबब नाही. पण संशयाला जागा आकडे झाकल्यामुळे मिळाली, हेही खरं.

तुमच्यासाठी :

मतदार यादी बैठकीच्या ३० दिवस आधी गोठवा. नाहीतर शेवटच्या आठवड्यात चाळीस नवे 'सदस्य' उगवतात. मतपत्रिका गुप्त आणि पसंतीक्रमाची (प्रत्येक फेरीत सर्वात कमी मतांचा बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला) ठेवा आणि तिच्यावर 'कुणालाच पाठिंबा नको' हा पर्याय इतर नावांच्या बरोबरीने छापा. तो नसला की तटस्थ माणसं मतदानालाच येत नाहीत. पाठिंब्यासाठी दोन तृतीयांश मतं लागतील असं ठरवा. मूव्हऑन या ऑनलाइन पुरोगामी संघटनेने २००८ मध्ये ही अट ठेवली होती. ओबामांना ७०.४ टक्के मिळाले, म्हणून पाठिंबा जाहीर झाला. ५२-४८ ने दिलेला पाठिंबा उमेदवाराच्या फारसा कामाचा नसतो आणि गट मात्र मधोमध चिरतो.

मोजणीला प्रत्येक बाजूचा एकेक माणूस बसवा. संपूर्ण तक्ता त्याच रात्री सदस्यांना पाठवा, फेरीनिहाय.

कार्यकारिणीतले ते तिघं : काम करू देत, फक्त ते लेखी जाहीर करावं आणि पाठिंब्याची बैठक, मोजणी आणि घोषणापत्र या तीन गोष्टींपासून दूर राहावं. राजीनामे मागू नका. ते मागितलेत की हुतात्मे तयार झालेच.

---

क्वीन्सकर

मतपत्रिकेचा परिणाम वागण्यावर होतो, हे न्यूयॉर्कने २०२५ मध्ये दाखवलं. तिथे शहराच्या प्रायमरीत पाचपर्यंत पसंती देता येते. ममदानी आणि लँडर या महापौरपदाच्या दोन पुरोगामी उमेदवारांनी १३ जूनला एकमेकांना दुसरी पसंती देण्याचं आवाहन केलं आणि वर्किंग फॅमिलीज पार्टीने एका नावाऐवजी चार नावांची यादीच पुढे केली. ममदानी पहिल्या पसंतीत ४३.८ टक्क्यांवर होते, शेवटच्या फेरीत ५६.४ वर गेले. शेजाऱ्याच्या समर्थकाची दुसरी पसंती हवी असेल तर त्याला शिव्या देऊन चालत नाही. हिशोब साधा आहे.

पण हे जसंच्या तसं न्यू जर्सीत नेऊ नका. तिथे मतदाराला एकच मत. दोघांनी एकमेकांना पाठिंबा देण्याला अर्थ नाही. उलट, मार्च २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवरची 'काउंटी लाइन' गेल्यापासून, म्हणजे काउंटी पक्षाच्या आवडत्या उमेदवारांना एका ओळीत छापण्याची सोय गेल्यापासून, बाहेरच्यांना उभं राहणं सोपं झालंय. एका जागेला दोन पुरोगामी हे यापुढे नेहमीचं असणार. तेव्हा नियम या वर्षापुरते करू नका.

तुम्हाला जमेल ते असं : दोन्ही प्रचारांकडून दारोदारी फिरताना काय बोलायचं त्याचा कागद मागून घ्या आणि निदान आपले सदस्य तरी समोरच्या पुरोगामी उमेदवाराच्या समर्थकांबद्दल बोलणार नाहीत एवढं कबूल करून घ्या. उमेदवाराच्या भूमिकेबद्दल बोलावं, समर्थकांबद्दल नाही. जानेवारी २०२० मध्ये सँडर्स-वॉरन यांच्यातला एकमेकांवर टीका न करण्याचा अलिखित तह तुटायला सुरुवात झाली ती अशाच एका कागदावरून. सँडर्स यांच्या स्वयंसेवकांना दिलेल्या संवादात वॉरनचे समर्थक उच्चशिक्षित, सुस्थितीतले आहेत आणि ते तसेही डेमोक्रॅटलाच मत देतील, अशा अर्थाचं लिहिलं होतं. तो बाहेर आला आणि तीनच दिवसांत, १४ जानेवारीच्या आयोवातल्या वादसभेनंतर, दोघं मंचावरच एकमेकांवर खोटेपणाचा आरोप करत होते. माइक चालू होते. धोरणावरची टीका पचते हो, 'तुम्ही कोण आहात' यावरची पचत नाही.

आणखी एक. तुमच्याकडे कुठल्याच पक्षात नोंद नसलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडून मत देऊ शकतो. हा माणूस कुंपणावर असतो. त्याच्या दारात दोन पुरोगामींची नळावरची भांडणं ऐकू आली तर तो घरीच बसेल, आणि फायदा तिसऱ्याचा.

---

ग्रूपॲडमिन

व्हॉट्सॲपचं सांगतो.

एकच गट असेल तर तो फोडा. एक घोषणांचा, जिथे फक्त ॲडमिन लिहितात : बैठक, तारखा, मतदार नोंदणी. दुसरा कामाचा, घरभाडं आणि शाळांचा, तिथे उमेदवारांची नावंच नकोत. तिसरा प्रायमरीच्या चर्चेचा, ज्याला यायचं त्यानेच यावं. चर्चेचा गट बंद करू नका. बंद केलात की तीच चर्चा दोन खासगी गटांत जाते आणि तिथे तिला लगाम उरत नाही.

चर्चेच्या गटाला दोन नियंत्रक, प्रत्येक बाजूचा एक. युक्ती ही की संदेश उडवायचा तर आपल्या बाजूचा नियंत्रक उडवेल. विरोधी बाजूच्याने उडवला की 'मुस्कटदाबी' सुरू होते.

नियम सुभाषितासारखा लिहू नका. उदाहरणं द्या. 'त्यांनी अमुक विधेयकाविरुद्ध मत दिलं, हा दुवा' : चालेल. 'त्यांनी बिल्डरांकडून देणग्या घेतल्या, हा निवडणूक आयोगाकडचा अहवाल' : चालेल, झोंबलं तरी चालेल. 'बिल्डरांनी विकत घेतलाय' : नाही. 'त्यांचे समर्थक म्हणजे नोकरदार दिखाऊ मंडळी' : नाही. इथला संदेश टिपून बाहेर फिरवणं : नाही, आणि यात पहिल्यालाच कारवाई.

शिक्षेची पायरी : पहिल्यांदा खासगीत फोन (फोनच, संदेश नव्हे), दुसऱ्यांदा ४८ तास बाहेर, तिसऱ्यांदा प्रायमरी संपेपर्यंत बाहेर. गटाचं सदस्यत्व मात्र शाबूत ठेवायचं आणि मताचा हक्कही. हे आधी लिहून ठेवलं नसेल तर प्रत्येक कारवाई राजकीय वाटते.

बाहेरून येणाऱ्या निनावी खात्यांशी वाद घालू नका. २०२० मध्ये नेवाडातल्या हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनने सँडर्सच्या आरोग्ययोजनेवर टीका केली, तेव्हा युनियनच्या महिला पदाधिकाऱ्यांवर समाजमाध्यमांवर तुटून पडणारे नेमके कोण, यावरच पुढचे कित्येक दिवस खर्ची पडले. आपल्या सदस्याने असं काही केलं तर निषेध चोवीस तासांच्या आत, एका ओळीत करा, 'पण' न लावता.

मराठी मंडळींसाठी खास : महाराष्ट्र मंडळाचा व्हॉट्सॲप गट वापरू नका. बहुतेक मंडळं ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून, नोंदलेली असतात, त्यांना उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करण्याची मनाई आहे. गणपतीच्या हॉलमध्ये उमेदवाराला बोलवायचंच असेल तर सगळ्यांना, सारख्या वेळेसाठी.

---

तिखटमीठ

वरचं पटतंय, पण एक मुद्दा सुटलाय. 'सभ्यता' हा शब्द वरचढ बाजूच्या फार सोयीचा असतो. तक्रार खरी असली तरी आवाज चढला म्हणून ती बाद करता येते.

क्लिंटन-सँडर्स चुरशीतलं, डेमोक्रॅटिक पक्षाचं २०१६ चं नेवाडा राज्य अधिवेशन बघा. १४ मे, लास व्हेगास. सुरुवातीलाच नियम आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. सभागृहात अर्ध्यांना वाटलं 'हो' मोठं, अर्ध्यांना 'नाही'. सँडर्सचे ५८ प्रतिनिधी अपात्र ठरले. गोंधळ इतका की सभा आटोपती घ्यावी लागली आणि पुढचे काही दिवस अध्यक्षांना फोनवर जिवे मारण्याच्या धमक्या येत राहिल्या. धमक्या देणारे गुन्हेगारच. पण वादाच्या ठरावाला आवाजी मतदान ठेवणं हाही शुद्ध गाढवपणा. प्रत्यक्ष मोजणीला अर्धा तास गेला असता.

म्हणून एक : वादाच्या प्रश्नावर आवाजी मतदान कधीच नको. दोन : तक्रारीला दार ठेवा. तीन जणांची समिती, त्यात दोन्ही बाजूंचा एकेक आणि एक असा की जो प्रायमरीत कुणाचंच काम करत नाही. लेखी तक्रारीला ७२ तासांत लेखी उत्तर, कारणासह. राष्ट्रीय पातळीवरही हाच मार्ग शेवटी फळला. २०१६ च्या भांडणातून एकता सुधारणा आयोग आला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला : अधिवेशनात चुरस असेल तर सुपरडेलिगेट (प्रायमरीच्या निकालाला न बांधलेले पक्षनेते-प्रतिनिधी) पहिल्या फेरीत मत देणार नाहीत. चिडलेल्यांच्या हाती काहीतरी ठोस पडलं.

---

एडिसनकर

आभार. काउंटी लाइनचा संबंध लक्षात आलाच नव्हता. दोन शंका. मतदारांच्या माहितीचं काय करायचं? आमच्या गटाने तीन वर्षांत दारोदारी जाऊन जमवलेली यादी आहे आणि ती त्या तिघांपैकी एकाच्या संगणकावर आहे. आणि निकालानंतरचं अजून कुणी सांगितलं नाही.

---

नियमबुवा

यादी आजच हलवा. उद्या नाही. गटाच्या नावाचं खातं, दोन जणांकडे पासवर्ड, प्रायमरी संपेपर्यंत कुणालाही उतरवून घेण्याची परवानगी नाही. द्यायची तर दोन्ही पुरोगामी उमेदवारांना एकाच दिवशी, एकच फाइल. डिसेंबर २०१५ मध्ये पक्षाच्या सामाईक मतदार-माहिती प्रणालीतली, दोन प्रचारांची माहिती वेगळी ठेवणारी भिंत थोडा वेळ पडली, सँडर्स यांच्या काही कर्मचाऱ्यांनी क्लिंटन यांची माहिती पाहिली, पक्षाने सँडर्स यांच्या प्रचाराला ती प्रणालीच बंद केली, प्रकरण कोर्टात गेलं. एका बिघाडाने दोन्ही बाजूंना वर्षभर पुरेल एवढा संशय दिला.

---

क्वीन्सकर

निकालानंतरचं.

त्या रात्री गटाकडून एकच संदेश जावा : निकाल, दोघांच्या कार्यकर्त्यांचे आभार, पुढच्या बैठकीची तारीख. तो आधीच लिहून दोन्ही बाजूंना दाखवून ठेवा, नावांची जागा रिकामी सोडून. पुढचे ४८ तास 'आता सगळ्यांनी एक व्हा' असं जिंकलेल्या बाजूने म्हणायचं नाही. ते हरलेल्याने म्हटलं तरच ऐकलं जातं. २००८ च्या अधिवेशनात ओबामांची निवड एकमताने जाहीर करा हा प्रस्ताव स्वतः हिलरी क्लिंटन यांनी मांडला, २०१६ मध्ये त्यांच्यासाठी तोच सँडर्स यांनी मांडला. त्याआधी, जून २००८ मध्ये, दोघांची पहिली संयुक्त सभा न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावात झाली, जिथे प्रायमरीत दोघांना प्रत्येकी १०७ मतं पडली होती. गाव शोधून काढणाऱ्याला मानलं.

पण सभेवर भागत नाही. हरलेल्या बाजूला कामात वाटा लागतो. २०२० मध्ये सँडर्स यांनी ८ एप्रिलला माघार घेतली, १३ ला बायडन यांना पाठिंबा दिला आणि मग हवामान, आरोग्य, शिक्षण, अर्थव्यवस्था, स्थलांतर, फौजदारी न्याय अशा सहा विषयांवर दोन्ही बाजूंचे संयुक्त गट बसले. जुलैत त्यांचा ११० पानी मसुदा आला. तुमच्या पातळीवर : हरलेल्या बाजूकडून दोन मागण्या लेखी घ्या, जिंकलेल्या उमेदवाराकडून त्यावर लेखी उत्तर आणा आणि ते सदस्यांना जसंच्या तसं वाचायला द्या. 'नाही' असलं तरी. दारोदारी जाताना जोड्या मिश्र करा, एक इकडचा, एक तिकडचा. पहिल्या शनिवारी अवघडल्यासारखं होतं, तिसऱ्यापर्यंत पार्किंगवर बोलायला लागतात.

---

तिखटमीठ

नियमबुवांच्या दोन तृतीयांशात एक खड्डा आहे. गणपूर्ती किती? १४० पैकी ४० टक्के धरली तर ५६ जण. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३८. ३८ माणसांनी १४० जणांच्या नावाने पाठिंबा दिला तर उरलेले १०२ विचारणारच.

---

नियमबुवा

बरोबर. दोन अटी लावा : झालेल्या मतांच्या दोन तृतीयांश, आणि शिवाय एकूण यादीच्या किमान ४० टक्के. म्हणजे तुमच्याकडे ५६ मतं बाजूने. टपालाने किंवा ऑनलाइन मतदानाला पाच दिवस द्या, एका संध्याकाळच्या बैठकीवर ठेवू नका. रात्रपाळीवाले आणि लहान मुलं असलेले हमखास सुटतात. दोन्ही अटी नाही जमल्या तर पाठिंबा नाही आणि फेरमतदानही नाही. हे 'फेरमतदान नाही' ठरावात शब्दशः घाला, कारण ५४ मतं पडली की तिसऱ्या दिवशी कुणीतरी मागणारच.