चटकन चिडणारी त्वचा आणि वनस्पतींचे शीट मास्क: तुमचा अनुभव सांगा

धागा सुरू करणारी, पुणे

नवा साबण, उन्हाचा तडाखा, ऑफिसातला एसी, लग्नातला मेकअप. यातल्या कशानेही ज्यांचा चेहरा चुरचुरायला लागतो, त्यांच्यासाठी हा धागा. माझा चेहरा त्यातलाच. पार्लरमधून फेशियल करून आलं की बहिणीचा चेहरा तुकतुकीत दिसतो आणि माझा रात्रभर तापत राहतो.

हल्ली कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही शीट मास्क, म्हणजे द्रावणात भिजवलेले चेहऱ्याच्या आकाराचे कापडी तुकडे, मिळतात. पाकिटावर हिरवं पान आणि त्याखाली ‘त्वचा शांत करणारा’ असं लिहिलेलं. सेंटेला, कॅमोमाइल (शेवंतीसारखं छोटं फूल), ग्रीन टी, कोरफड, मगवर्ट (दवण्याच्या जातीतली वनस्पती), टी ट्री, काय हवं ते. मला त्यातला बिनवासाचा सेंटेला मास्क मानवला. उन्हातून घरी आलं की माझ्या गालांच्या वरच्या भागाची आग होते. तोंड साध्या पाण्याने धुऊन दहा-पंधरा मिनिटं मास्क ठेवला की ती उतरते. डोळ्यांखालचा भाग मात्र मी आधीच कात्रीने कापून टाकते, कारण तिथली कातडी फार पातळ असते आणि मास्कचं पाणी डोळ्यात उतरतं.

हा धागा काढण्यामागे माझं एक कारण आहे. या विषयावर जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक गोऱ्या कातडीवर बेतलेलं असतं. ‘लाली आली तर वापर थांबवा’ म्हणतात, पण आपल्या रंगावर लाली चटकन दिसतच नाही. जळजळ होते, खाज येते, आरशात काही वेगळं दिसत नाही, आणि काही दिवसांनी नेमका तिथेच काळपट डाग उमटतो. तो जायला महिनोन् महिने लागतात. म्हणून लिहिताना कंपनीचं नाव नको, मास्कमध्ये काय होतं ते लिहा. आणि नंतरच्या आठवड्यात काय झालं तेही लिहा. पहिल्या रात्रीची चकाकी सगळ्यांनाच येते, ती पाण्याची असते.

डोंबिवली

लहानपणापासून एक्झिमा आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला काही लावत नाही. त्यांनी सांगितलेली पद्धत लिहिते. पाकिटातलं थोडं पाणी कोपराच्या आतल्या बाजूला, एका ठरावीक जागी, दिवसातून दोनदा, असं आठवडाभर लावून बघायचं. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी निकाल लावायचा नाही, कारण ॲलर्जी उठायला वेळ लागतो. तिथे काही झालं नाही तरच चेहरा.

मास्क फ्रिजच्या दारात ठेवते, फ्रीझरमध्ये नाही. लोकलच्या गर्दीतून घामेजून आल्यावर त्या गारव्यानेच अर्धं काम होतं. कापड ओलं असतानाच काढायचं. ते चेहऱ्यावर सुकू दिलं की माझी कातडी ओढल्यासारखी होते. आणि काढल्यावर लगेच साधं, जाडसर मॉइश्चरायझर लावायचं, नाहीतर सगळी ओल उडून जाते. पाकिटात उरलेलं पाणी हाता-पायांना लावून संपवते. उघडं पाकीट उद्यासाठी ठेवत नाही.

माझं आजोळ सावंतवाडीकडचं. विहिरीच्या ओलीत गोल पानांचा कारिवणा पसरलेला असायचा आणि आजी त्याचा पाला ठेचून जखमेवर बांधायची. सेंटेला म्हणतात ती हीच वनस्पती. ते कळल्यावर मला त्या मास्कबद्दल जवळीक वाटली हे खरं, पण कच्चा पाला मी चेहऱ्यावर लावणार नाही. त्यावर माती, जंतू, काय काय असतं.

इंदापूर तालुका

माझा अनुभव थोडा लांब आहे, पण शेतातल्या बायकांनी तो वाचावा असं फार वाटतं.

आमच्या बांधाबांधावर गाजरगवत आहे, ज्याला आम्ही काँग्रेस गवत म्हणतो. हे गवत मूळचं आपलं नाही. भारतातली त्याची नोंद १९५६ साली पुण्यातून झाली आणि आता ते नाही असं गावच उरलं नाही. पावसाळ्यानंतर ते फुललं की माझ्या पापण्या, मानेचा पुढचा भाग आणि कोपराच्या घड्या खाजायला लागायच्या. कातडी जाड, काळी, भेगाळलेली व्हायची. घरचे उन्हाचा त्रास म्हणायचे. शेवटी पुण्याला सरकारी दवाखान्यात पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या छोट्या गोल टिकल्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक टिकलीत वेगळा पदार्थ. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. मग पट्ट्या काढून बघतात आणि पुढे दोन दिवसांनी परत बघतात. बाकी टिकल्यांच्या जागा कोऱ्या होत्या. गाजरगवताच्या टिकलीखाली बारीक फोडांचं लालसर वर्तुळ उठलं होतं, मैत्रिणीने फोटो काढून दाखवलं तेव्हा दिसलं.

तेव्हापासून पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला सुती ओढणी, खुरपणीनंतर लगेच अंघोळ. त्रास बराच कमी झाला. मग लेकीने मायेने मास्क पाठवले, ‘आई, तुझ्यासारख्याच त्वचेसाठी आहेत, सगळं नैसर्गिक आहे.’ एक कॅमोमाइलचा होता, एक मगवर्टचा. कॅमोमाइलचा लावला त्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पापण्या सुजून डोळे अर्धे मिटले, आणि मास्कच्या कडेपर्यंत, जिथवर कापड पोचलं होतं तिथवर, चेहरा खडबडीत झाला. हनुवटीखाली मास्क नव्हता, तिथली कातडी स्वच्छ होती.

डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं आणि नावं वाचली. गाजरगवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल, दवणा, कॅमोमाइल, मगवर्ट, ही सगळी एकाच सूर्यफूल कुळातली. यांच्यात साधारण एकाच जातीची रसायनं असतात. एकाची ॲलर्जी बसली की शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. प्रत्येकाला प्रत्येकाचा त्रास होतोच असं नाही, पण मला होतो. आता गौरींना शेवंतीच्या वेण्या जाऊबाई करतात, मी निवडायलाही बसत नाही. जोतिबाहून कुणी दवणा आणला तर हात जोडते, पण चेहऱ्याजवळ नेत नाही.

लेकीचा काहीच दोष नाही. पाकिटावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

धागा सुरू करणारी, पुणे

ताई, तुम्ही हे इतकं सविस्तर लिहिलंत, फार बरं झालं. घरात कॅमोमाइलचा मास्क पडलाय आणि गाजरगवताच्या दिवसांत मलाही शिंका येतात, खाज सुटते. आधी तपासून घेते.

वाशी

मी सौंदर्यप्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते, म्हणून आतली थोडी माहिती.

मास्कमधलं द्रावण म्हणजे बहुतेक पाणी, ओल धरून ठेवणारं ग्लिसरीन आणि ब्युटिलीन ग्लायकॉल, ते दाट करणारा एखादा गोंद आणि टिकवण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह. ओलं कापड महिनोन् महिने पाकिटात राहायचं, तर प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ अशा मोठ्या अक्षरांपेक्षा कोणतं आहे ते बघा. मिथाइलआयसोथायाझोलिनोन दिसलं तर संवेदनशील त्वचेच्या माणसाने ते पाकीट परत ठेवावं, त्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते.

यादी वाचायची एक सोपी खूण आहे. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, फक्त एक टक्क्याखालचे मागेपुढे लावता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त एक टक्का वापरायची मुभा असते. म्हणजे त्याच्या खाली जी जी वनस्पती लिहिली आहे, ती एक टक्क्याच्या आत. पाकिटावरची बारा पानं-फुलं पुष्कळदा तिथेच खाली असतात. आणि ‘सेंटेला अर्क ७० टक्के’ लिहिलं असलं तरी तो अर्क स्वतःच मुख्यतः पाणी असू शकतो. त्यापेक्षा यादीत मॅडेकॅसोसाइड, एशियाटिकोसाइड अशी सेंटेलातून वेगळी काढलेली द्रव्यं दिसली तर मला अधिक भरवसा वाटतो. ती थोडीही पुरतात. पॅन्थेनॉल, ॲलॅन्टॉइन, ओट्स हेही चांगले, फक्त त्यांचे फोटो पाकिटावर शोभत नाहीत.

पण ॲलर्जी उठवायलाही अगदी थोडं पुरतं, हे इंदापूरच्या ताईंच्या अनुभवातून दिसतंच. शिवाय चेहऱ्यावर कापड झाकलं की द्रावण उडून जात नाही, आत जास्त मुरतं. एरवी क्रीममधून सोसलेला घटक मास्कमधून झोंबतो तो यामुळे.

सुगंध मात्र मी ठामपणे नको म्हणेन. ‘परफ्यूम’ न लिहिता लॅव्हेंडर तेल, संत्र्याच्या सालीचं तेल लिहिलं तरी तो सुगंधच. लिनालूल, लिमोनिन ही त्यातलीच नावं. मेंथॉल आणि पेपरमिंटही टाळा. मेंथॉल गारवा जाणवणाऱ्या नसांना चेतवतं, त्वचेचं तापमान त्याने उतरत नाही. ज्यांचा चेहरा आधीच तापलाय त्यांची आग त्याने वाढू शकते.

आणि आयात केलेला मास्क घेताना मागे आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे का तेवढं बघा. रस्त्यावरच्या ढिगातले, फक्त कोरियन अक्षरांचे पाच रुपयांचे मास्क घेऊ नका.

सुवॉन, दक्षिण कोरिया

नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आहे. हिवाळ्यात बाहेर शून्याखाली, घरात जमिनीखालून उष्णता देणारं ओन्दोल, त्यामुळे हवा कमालीची कोरडी. वसंतात वाळवंटाकडून पिवळी धूळ येते तेव्हा तर सगळ्यांचीच तोंडं चुरचुरतात. इथे मास्क ही चैन नाही, किराण्याबरोबर उचलायची वस्तू आहे. रोज एक मास्क अशी टूमही इथे होती आणि भाषेच्या वर्गातल्या पुष्कळ जणी अजून ती पाळतात.

माझ्या त्वचेला रोज झेपत नाही. ओल जास्त झाली की हनुवटीवर बारीक पुटकुळ्या येतात. धुळीच्या दिवसांत आणि फार थंडीत, एरवी नाही, हे मला जमून गेलंय. इथे मगवर्ट म्हणजे ‘सुक’ आणि ओसोंगचो नावाची एक वनस्पती फार चालते. ओसोंगचोच्या ताज्या पानाला माशासारखा उग्र वास असतो, मास्कमध्ये तो जाणवत नाही. माझी आग मगवर्टपेक्षा या ओसोंगचोने लवकर उतरते. मला गाजरगवताचा त्रास कधी नव्हता, तरी वरचं वाचून मगवर्टचे उरलेले मास्क आधी हातावर लावून बघणार आहे.

नागपूर

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मनापासून सांगते. तुमचा चेहरा कशानेच शांत होत नसेल, तर आधी गेली काही वर्षं काय लावताय ते डॉक्टरांना दाखवा.

लग्नाआधी मला मेडिकलमधून एक ट्यूब दिली होती, डाग जातात म्हणून. काय सुंदर चेहरा झाला होता! नंतर कळलं, त्यात मोमेटासोन हे स्टेरॉइड होतं, सोबत रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन आणि कातडीची सालं काढणारं ट्रेटिनॉइन. लावणं थांबवलं की चेहरा पेटायचा, म्हणून परत लावायचे. गालांवर बारीक लाल रेषा दिसू लागल्या, हनुवटीवर केस आले. त्या काळात मी कोरफडीचा, ग्रीन टीचा, तांदळाचा, सगळे मास्क लावले आणि सगळे झोंबले. मास्कमध्ये खोट नव्हती. माझ्या कातडीत सोसायला काही उरलंच नव्हतं.

त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइड हळूहळू बंद केलं आणि बाकी सगळं काढून घेतलं. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि आग झाली की गार पाण्यात भिजवून पिळलेला मलमलचा तुकडा. जवळजवळ वर्षभर हेच. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी आजही ती मागितली की मिळतात. आता कधीतरी मास्क लावते आणि तो सोसतो. हे लिहितानाही बरं वाटतंय.

कोल्हापूर

पुरुषाचा अनुभव चालेल ना? दाढीनंतर मानेवर फोड येतात म्हणून टी ट्रीचा मास्क लावला. नुकत्याच ब्लेड फिरलेल्या कातडीवर असा झोंबला की पाच मिनिटांत काढला, नंतर तिथली सालं निघाली. डॉक्टर म्हणाले, दाढीच्या दिवशी कुठलाच मास्क नको. आता बिनवासाचं पॅन्थेनॉलचं क्रीम लावतो, मास्कच्या वाटेला जात नाही.

मडगाव

आमच्याकडच्या दमटपणात सुती मास्क गालावरून घसरतो, आणि तो परत परत दाबून बसवताना जे घासलं जातं तेच मला बाधतं. बायोसेल्युलोजचा मास्क त्यापेक्षा छान बसतो. नारळाच्या पाण्यात जिवाणू वाढवून जी मऊ, पारदर्शक साय तयार होते, तिच्यापासून हा करतात. महाग आहे, म्हणून सणासुदीलाच. पावसाळ्यात मास्कनंतर जाड क्रीम लावत नाही, इथे त्याने कपाळावर पुटकुळ्या येतात.

इंदापूर तालुका

वाशीच्या ताईंना एक विचारायचं होतं. लेक आता कॅलेंड्युलाचं मलम पाठवते म्हणतेय, लहान बाळांनाही चालतं म्हणे. मला चालेल का?

वाशी

नको, ताई. कॅलेंड्युला सूर्यफूल कुळातलंच. अर्निका, एकिनेशिया, यॅरो ही नावंही लिहून ठेवा, तीही त्याच कुळातली. ओट्सचं बिनवासाचं क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली मागवा, आणि तीसुद्धा आधी कोपराच्या घडीत आठवडाभर लावून बघा. यादीचा फोटो इथे टाकलात तर मी वाचून सांगेन.