मदत हवी आहे: परसातल्या शेडपर्यंत लाइट न्यायची, कुठली केबल टाकू?

घराच्या डीबीपासून (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, म्हणजे एमसीबींची पेटी) परसातली पत्र्याची शेड ३५ मीटर. जमीन जांभ्याची. शेडमध्ये दोन ट्यूब, एक पंखा, १ एचपीची सिंगल फेज मोटर, अधूनमधून ग्राइंडर. वायरमन म्हणतो, २.५ स्क्वेअर मिमीची घरातलीच वायर पीव्हीसी पाइपातून फूटभर खोल टाकू. चालेल का?

तारजोडे: नका टाकू. पाइपाच्या सांध्यातून पाणी शिरतं आणि वायर पावसाळाभर भिजत राहते. शिवाय घुशी पाइप कुरतडतात. तांब्याची ३ कोअर (आत तीन तारा) ४ स्क्वेअर आर्मर्ड केबल (वर लोखंडी कवच असलेली) घ्या, दोन्ही टोकांची वळणं धरून ४० मीटर. चालू मोटरला २.५ सुद्धा पुरते. अडतं ते सुरू होताना: मोटर पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा २.५ वर वीसेक व्होल्ट पडतात, ४ वर बारा-तेरा. संध्याकाळी व्होल्टेज आधीच १९० असेल तर मोटर नुसती गुरगुरते आणि वाइंडिंग जळतं.

चर ७५ सेंमी खोल. तळाला ८ सेंमी वाळू, केबल, पुन्हा ८ सेंमी वाळू, वर विटा, मग माती. जांभ्याचे टोकदार तुकडे थेट केबलवर लोटू नका.

धागाकर्ता: एवढं खणणं जमेलसं वाटत नाही. आणि अर्थिंगला आर्मर पुरेल ना?

तारजोडे: मग गडग्याच्या कडेने सॅडल (पकडपट्ट्या) मारून न्या, आर्मर्डला चालतं. कुंपणाच्या तारेला मात्र बांधू नका.

फेज_न्यूट्रल: नुसत्या आर्मरवर विसंबू नका. तिसरी कोअर अर्थिंगला, आर्मरही ग्लँडपाशी (केबल पेटीत शिरते तिथला धातूचा जोड) अर्थला जोडा, शेडचा लोखंडी सांगाडाही. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. म्हणून ३० एमएचा (मिलिअँपिअर) आरसीसीबी हवाच, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच. तो घराच्या टोकाला, २० अँपिअर डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) सी-कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणाऱ्या) एमसीबीच्या जोडीने बसवा. कनेक्शन मेन स्विचनंतर पण घरच्या आरसीसीबीच्या आधी घ्या, म्हणजे शेडमधल्या बिघाडाने घर अंधारात जाणार नाही. शेडमध्ये छोटी डीबी: लाइट-पंख्याला ६, मोटरला १६ अँपिअर सी-कर्व्ह.

धागाकर्ता: शेडचा न्यूट्रल नव्या आरसीसीबीतून न नेता घराच्या डीबीतल्या जुन्या न्यूट्रल पट्टीवरून घेतला तर?

फेज_न्यूट्रल: ट्यूब लावताच ट्रिप होईल. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच आरसीसीबीतून गेले पाहिजेत, आणि शेडमध्ये न्यूट्रल-अर्थ एकत्र बांधायचे नाहीत. नव्वद टक्के वेळा "आरसीसीबी खराब आहे" म्हणतात ते हेच असतं.

तारजोडे: चर बुजवायच्या आधी दोन्ही टोकं सुटी ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर सप्लाय देऊ नका. नव्या केबलला आकडा याच्या कितीतरी वर यायला हवा.