अटल टिंकरिंग लॅबचा पहिला हप्ता जमा झाला, खर्चाला सुरुवात कुठून करावी?

प्रभारी_शिक्षिका
आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेला अटल टिंकरिंग लॅबचे (मुलांनी हातानं वस्तू, सर्किट बनवून शिकायची नीती आयोगाची प्रयोगशाळा योजना) १२ लाख मिळालेत. १० लाख उभारणीचे, २ लाख चालू खर्चाचे. संस्थेला त्यातून आधी खोलीची फरशी आणि छत करून घ्यायचंय. एक पुरवठादार म्हणतोय, सगळा संच एकगठ्ठा देतो, कागदपत्रंही आम्हीच करतो. लॅब सहावी ते दहावीची मुलं वापरणार. पैसा आधी कुठे घालावा आणि हिशेब पुढे कुठे अडतो?

जमाखर्च
मॅडम, फरशी-छत संस्थेनं स्वतःच्या पैशातून करावं. या योजनेत १,५०० चौरस फूट (डोंगरी भागात १,०००) तयार जागा अर्जातच दाखवावी लागते, म्हणजे खोली ही शाळेची जबाबदारी. फर्निचरबद्दल मंजुरीपत्रातल्या अटी आधी शब्दन् शब्द वाचा.

दोन्ही रकमा पहिल्याच दिवशी कॅशबुकात वेगळ्या पाडा. उभारणीच्या पैशातून सोल्डरची तार किंवा तज्ज्ञाचं मानधन गेलं, की उपयोगिता प्रमाणपत्राचे (जीएफआर, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतला नमुना १२-ए) आकडे जुळत नाहीत आणि पुढचा हप्ता तिथेच थांबतो. खात्यावर जमा होणारं व्याजही शाळेचं नाही. ते भारतकोश या केंद्राच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर भरून चलन जोडायचं. पीएफएमएस या सरकारी निधीच्या पोर्टलवरचं शाळेचं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का, हे आजच बघा. 'विद्यालय' आणि 'हायस्कूल' एवढ्या फरकानंही काम अडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थ्रीडी प्रिंटर, लॅपटॉप, ड्रिल मशीन या टिकाऊ वस्तू जीएफआर २२ च्या नोंदवहीत लिहायच्या. एलईडी, जम्पर वायर, रेझिस्टर, फिलामेंट (थ्रीडी प्रिंटरची प्लॅस्टिकची तार) या संपणाऱ्या वस्तू जीएफआर २३ मध्ये. बऱ्याच शाळा सरसकट सगळं पहिल्या वहीत चढवतात. मग वर्षअखेरीच्या मोजणीत जळालेला एलईडीसुद्धा 'गहाळ' ठरतो, शिक्षक घाबरतात आणि कपाटाला कुलूप लागतं. मुलांच्या हातून वस्तू खराब होणारच, त्याच कामासाठी हा पैसा आहे. खराब झालेल्या वस्तूची दर महिन्याला नोंद करून मुख्याध्यापकांची सही घ्या.

जेम_खरेदी
एकगठ्ठा संच घेऊ नका आणि कागदपत्रं पुरवठादाराच्या हाती तर अजिबात देऊ नका. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मुख्याध्यापक प्रायमरी युजर असतात, त्यांना स्वतःला ऑर्डर टाकता येत नाही. बायर (ऑर्डर टाकणारा), कन्साइनी (माल ताब्यात घेणारा) आणि पैसे देणारा यांची खाती त्यांनी उघडून द्यायची. पासवर्ड ज्याचे त्याच्याकडेच हवेत.

माल आला की खोकी उघडून, प्रत्येक वस्तू ऑर्डरशी ताडून मगच स्वीकृती द्या. तपासणीला दहा दिवस मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत खोकी शिपायाच्या सहीनं आली आणि शाळा उघडेपर्यंत मुदत संपली, तर निघालेला दोष गळ्यात पडतो. त्यामुळे डिलिव्हरीची तारीख सुट्ट्या बघूनच टाका.

सोल्डर_आणि_सेन्सर
थ्रीडी प्रिंटर एकच घ्या. वाचलेल्या पैशात आर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम टाकून मोटर, सेन्सर चालवणारं छोटं सर्किट) वाढवा. चार मुलांमागे एक बोर्ड असेल तर प्रत्येकाचा हात लागतो, एका बोर्डाभोवती पंधरा मुलं जमली तर बाकीची बघत बसतात.

नेहमीच्या दोन चुका सांगतो. पहिली: मोटर ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालवणं. मोटर सुरू होताना लागणारा करंट ती देऊ शकत नाही, व्होल्टेज खाली बसतं, आर्डुइनो रीसेट होतो आणि मुलं तासभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. मोटरला चार्ज होणारे चार एए सेल वेगळे द्या आणि मोटर आणि आर्डुइनो या दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकं) एकत्र जोडा. दुसरी: अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरची इको पिन थेट रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाला जोडणं. ती ५ व्होल्ट देते, पायची पिन ३.३ व्होल्टची. मध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर घालून व्होल्टेज विभागा, नाहीतर बोर्ड जातो.

लॅबचं अर्थिंगही मीटर लावून मोजून घ्या.

जिप_शाळा_गुरुजी
आमच्यासारख्या लॅब नसलेल्या शाळांना काय वाट?

जमाखर्च
गुरुजी, २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल लॅब जाहीर झाल्यात, योजनेच्या पोर्टलवर लक्ष ठेवा. तोवर इन्स्पायर-मानक ही मुलांच्या नव्या कल्पनांना पैसे देणारी केंद्राची योजना सोडू नका. शाळेनं मुलांच्या कल्पना पाठवायच्या, निवड झाली की १०,००० रुपये थेट मुलाच्या खात्यावर येतात. पैसे परत जातात ते बहुधा खातं बंद पडल्यामुळे किंवा बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलल्यामुळे. नाव पाठवण्याआधी पासबुक भरून आणा.

प्रभारी_शिक्षिका
सर्वांचे आभार. प्रिंटर एकच घेतला तर पावसाळ्यात बंद पडणार नाही ना?

सोल्डर_आणि_सेन्सर
प्रिंटर नाही, फिलामेंट बिघडतं मॅडम. पीएलए (फिलामेंटचं नेहमीचं प्लॅस्टिक) हवेतला ओलावा शोषतं. मग नोझलमधून चटचट आवाज येतो आणि वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. काम झालं की रीळ झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ०.४ मिलिमीटरच्या दोन-तीन जादा नोझल चालू खर्चातून घेऊन ठेवा.