मदत हवी आहे: लाइक केलेले व्हिडिओ नातेवाइकांना दिसले, पुढे तक्रार कशी करू?

नमस्कार मंडळी. माझी वहिनी दोन वर्षांपासून आयव्हीएफचे (टेस्ट-ट्यूब बाळासाठीचे) उपचार घेतेय. घरात फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. रात्री ती एका अ‍ॅपवर त्याविषयीचे व्हिडिओ बघायची, एखाद्याला लाइक करायची, बस्स. गेल्या आठवड्यात मावससासूबाईंचा फोन आला, "काय गं, डॉक्टरांकडे जातेस का?" त्यांच्या फोनवर त्या व्हिडिओखाली वहिनीचा गोल फोटो आणि लाल बदाम दिसत होता! वहिनी दोन दिवस जेवली नाही.

सेटिंग शोधली, तर तीन पायऱ्या आत, आपले लाइक इतरांना दाखवणारं एक बटण आधीच चालू होतं. आम्ही ते कधी चालू केलंच नव्हतं. आता बंद केलंय, पण आधीचे लाइक अजून दिसतात का, हे कसं तपासायचं?

दुसरं, 2021 च्या आयटी नियमांनुसार अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याने 24 तासांत पोच आणि ठरावीक मुदतीत निकाल द्यायचा असतो. मी तक्रार केली, पण आलेली पोच म्हणजे नुसतं छापील उत्तर. पुढे सरकारच्या तक्रार अपील समितीकडे कोणी गेलंय का? अर्जात काय लिहिलंत? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट आणि स्वतःहून दिलेली हवी असं म्हटलंय, त्याचा आधार आत्ता घेता येईल का?

स्क्रीनशॉट जपून ठेवलेत. कृपया अनुभव असेल त्यांनीच सांगा, 'अ‍ॅप काढून टाका' नको. तिला तिथल्याच बायकांचा आधार वाटतो.